बिऱ्हाड हलते, दुकान अडते

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण मराठीत आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या लहान व्यवसायांविषयी समाजाची समजूत नेमकी अशीच झालेली आहे. या व्यवसायाला ओटा नाही, फळी नाही, पागडी नाही. एक संगणक, एक मोबाइल आणि चार गिऱ्हाइकांचा विश्वास एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. तेव्हा मालकाने गाव बदलले काय किंवा देश बदलला काय, दुकान त्याच्या पाठोपाठ जाईलच, असे सारेजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात घडते ते उलटे. परदेशी जाणाऱ्या कुटुंबाचे प्रेशर कुकर आणि लोणच्याच्या बरण्या सुखरूप पोचतात. अडते ते हे बिनवजनाचे दुकानच. कारण ते ज्या खुंट्यांना बांधलेले असते, त्या खुंट्या मायदेशाच्या जमिनीत खोल रोवलेल्या असतात.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. एक पिढी पदवी घेऊन अमेरिकेत गेली, दुसरी हाताचे कौशल्य घेऊन आखातात गेली. ज्याच्या मालकीचे दुकान होते, तो ते भावाच्या स्वाधीन करी किंवा विकून मोकळा होई. गेल्या काही वर्षांत मात्र घरातील एका खोलीतून चालणारे असंख्य व्यवसाय निर्माण झाले आणि त्यांपैकी पुष्कळ स्त्रियांनी उभे केले आहेत. कोणी मसाले विकते, कोणी दागिने घडवते, कोणी दूर देशीच्या मुलांना मराठी किंवा गणित शिकवते. कुटुंब परदेशी निघाले की या व्यवसायांचे काय होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ती करण्याची वेळ आलेली आहे.

उदाहरणादाखल चिंचवडमधील एखादी गृहिणी घ्यावी. खणाच्या आणि इरकलीच्या कापडाच्या पिशव्या व पाकिटे ती विकते. शिवणकाम शेजारच्या वस्तीतील चारपाच स्त्रिया करतात. मागणी मोबाइलवर येते, पैसे बँकेत जमा होतात, पार्सल कुरियरने रवाना होते. तिच्या पतीला कंपनीने स्टुटगार्टला पाठवायचे ठरवले की घरात पेढे वाटले जातात. पुण्याच्या मोटार उद्योगाचे जर्मनीशी जुने नाते असल्याने अशा बदल्यांचे आता नवल राहिलेले नाही. मुलांच्या शाळेचा विचार होतो, सदनिका भाड्याने देण्याचा विचार होतो, सासूसासऱ्यांच्या औषधपाण्याची व्यवस्था लावली जाते. पिशव्यांच्या व्यवसायाचा प्रश्न मात्र सामान बांधून झाल्यावर कोणाला तरी आठवतो आणि त्याचे उत्तर ‘तिथून बघता येईल’ या तीन शब्दांत आटोपते.

तिथून बघणे इतके सोपे नाही. १९७३ चा ‘फेरा’ कायदा जाऊन जून २००० पासून ‘फेमा’ लागू झाला, आणि परकीय चलनाविषयीची संशयी दृष्टी बरीच सौम्य झाली, हे खरे. परंतु अनिश्चित काळ परदेशी राहण्याच्या इराद्याने देश सोडणारी व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते. तिला आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून त्याचे अनिवासी सामान्य म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात रूपांतर करून घ्यावे लागते. प्राप्तिकराचा कायदा इरादा पाहत नाही, तो दिवस मोजतो. १० ऑक्टोबरला विमानात बसलेल्या स्त्रीने त्या आर्थिक वर्षातील १८२ हून अधिक दिवस भारतात काढलेले असतात. त्यामुळे प्राप्तिकरासाठी ती त्या वर्षी निवासी आणि बँकेच्या दारात मात्र अनिवासी! एकच व्यक्ती, एकच दिवस आणि दोन ओळखी, हा गुंता सुशिक्षितांच्याही सहज ध्यानात येण्यासारखा नाही.

त्यावरून व्यवसाय बंदच करावा लागतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शेती, जमीनजुमल्याचा धंदा, वृत्तपत्रे असे अपवाद वगळता अनिवासी भारतीयाला येथील एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या व्यवसायात भांडवल ठेवता येते. ते परदेशी नेण्याचा सरसकट हक्क मात्र राहत नाही. एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतची रक्कम, कर भरल्यावर, बाहेर नेण्याची मुभा आहे. पिशव्या विकणारीला ही मर्यादा आडवी येण्याचे कारण नाही. म्हणजे कायद्याने दार लावून घेतलेले नाही. ते कोणत्या बाजूने उघडते, हे सांगणारा कोणी तेथे उभा नाही, एवढेच.

वस्तू व सेवा कराचेही असेच आहे. नोंदणी राहत्या घराच्या पत्त्यावर असते आणि ते घर तर भाड्याने दिलेले असते. व्यवसायाची जागा बदलली की १५ दिवसांत तशी दुरुस्ती मागावी लागते. व्यवसाय बंद करायचा तर नोंदणी रद्द करून घ्यावी लागते, शिल्लक मालावर घेतलेल्या करसवलतीचा हिशेब चुकता करावा लागतो आणि तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. यातले काहीच केले नाही, तर एका रुपयाची विक्री नसतानाही विवरणपत्रे थकतात आणि त्यांवर विलंबशुल्क चढत राहते. त्याची सूचना येते ती चिंचवडच्या मोबाइल क्रमांकावर, जो स्टुटगार्टला पोचल्यावर महिन्याभरात बंद पडलेला असतो. क्षुल्लक वाटणारा हा क्रमांक म्हणजेच आजच्या दुकानाची किल्ली होय. देयके स्वीकारणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांत खात्याचा देश बदलता येत नाही, जुने खाते बंद करून नवे उघडावे लागते, हेही पुष्कळांना तेथे गेल्यावरच कळते.

इतके सारे निस्तरून परदेशी पाऊल ठेवले, तरी तेथे व्यवसाय करू दिला जाईल की नाही हे व्हिसावर अवलंबून असते, आणि या बाबतीत देशादेशांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जर्मनीत कुटुंबासमवेत राहण्याचा परवाना मिळालेल्या जोडीदाराला नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही करता येतात. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदारालाही तशी मोकळीक आहे. मात्र तेथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला स्वतःचा व्यवसाय करण्यास मनाई आहे. अमेरिकेत ‘एच-१बी’ व्हिसाधारकाच्या जोडीदाराला ‘एच-४’ या वर्गात प्रवेश मिळतो, पण कामाचा हक्क मिळत नाही. २०१५ पासून कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय झाली, तीही ज्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली आहे त्याच्या जोडीदारापुरती. ग्राहक भारतातले आणि पैसेही भारतातच जमा होणारे, मग अडचण कोणती, असे अनेकींना वाटते. परंतु काम करणारे हात अमेरिकेच्या भूमीवर असतात, आणि व्हिसाचा कायदा मुख्यतः तेच पाहतो.

या वर्गाचे नावच ‘अवलंबित’ असे आहे. काल जिच्या जिवावर चार घरांत चूल पेटत होती, ती विमानतळावर उतरताच कागदोपत्री अवलंबित होते. हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हे. स्वतःच्या कमाईतून आलेला आत्मविश्वास, घरातील निर्णयांत मिळवलेला वाटा आणि मोठ्या कष्टाने जोडलेली गिऱ्हाइके, यांपैकी काहीही प्रवासाच्या पेटीत भरता येत नाही. तिच्यामागे राहिलेल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना तर कोणी निरोपाचा पेढाही देत नाही. त्यांचे काम एका रविवारी थांबते आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

मालाच्या वाटेवरही नवे नाके उभे राहिले आहेत. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या पार्सलला असलेली मूल्यवर्धित कराची माफी १ जुलै २०२१ रोजी संपली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी थांबवली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याला अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे काही आठवडे स्थगित ठेवावे लागले. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्ववत झाली. तेव्हा ‘मी तिकडून विकेन, माल इकडून येईल’ हा बेत आखताना जुन्या अनुभवावर विसंबून चालणार नाही.

आणि तरीही या स्थलांतराला एक उजळ बाजू आहे. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, बाहेरून येणाऱ्या वस्तूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्था संघाच्या हद्दीत असणे आवश्यक आहे. चिंचवडमध्ये बसलेल्या लहान विक्रेत्याला अशी व्यक्ती मिळवणे जड जाते. तीच विक्रेती स्टुटगार्टला राहू लागली, तिने तेथे व्यवसायाची आणि वेष्टनांची रीतसर नोंदणी केली, तर ती स्वतःच आपल्या मालाची आयातदार होऊन ही जबाबदारी घेऊ शकते. म्हणजे ज्या स्थलांतराने दुकान मोडते, त्याच स्थलांतराने ते दोन खंडांत पसरू शकते. अंतर पडते ते पूर्वतयारीचे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, परदेशी जाणे हा ज्याच्या त्याच्या खुशीचा मामला आहे. त्याची काळजी सरकारने का वाहावी? शिवाय चलनाचे आणि कराचे नियम सैल केले, तर त्यांचा लाभ पिशव्या शिवणाऱ्यांऐवजी पैसा दडवणारेच घेतील. या आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच नियम सैल करा अशी मागणी येथे अभिप्रेत नाही. मागणी आहे ती नियम सांगण्याची. मोठी कंपनी परदेशी शाखा काढते तेव्हा तिच्या दिमतीला वकील आणि सनदी लेखापाल असतात. लहान व्यावसायिकाला सल्ला मिळतो तो नात्यातल्या कोणाचा तरी, आणि तो बहुधा ‘खाते तसेच राहू दे, कोण बघतो?’ असा असतो. फेमाच्या उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्या सल्लागाराला ठाऊक नसते. अज्ञानाने होणारा गुन्हा आणि लबाडीने होणारा गुन्हा यांतील फरक ज्या राज्यव्यवस्थेला राखायचा आहे, तिने अज्ञान दूर करण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

हे अवघड नाही. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने २०१४ च्या अखेरीस परकीयांना ‘ई-निवासी’ म्हणून ओळखपत्र देऊन कंपनीचा सारा कारभार एका संगणकीय दारातून करण्याची सोय केली. त्या ओळखपत्राने तेथे राहण्याचा हक्क मिळत नाही, की कराचा प्रश्नही सुटत नाही. परंतु विखुरलेली कामे एका ठिकाणी आणता येतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. भारतात याहून कमी पुरेल. रिझर्व्ह बँक, प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कर या तिन्ही खात्यांनी मिळून देश सोडणाऱ्या लहान व्यावसायिकासाठी एक पुस्तिका काढावी. ती मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत असावी आणि बँकांच्या शाखांत व जिल्हा उद्योग केंद्रांत ती हाती पडावी. खाते एनआरओ करून घ्यायला आलेल्या ग्राहकाला ‘आपला काही व्यवसाय आहे काय?’ एवढा प्रश्न बँकेच्या कर्मचाऱ्याने विचारला, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

सरकारइतकीच जबाबदारी कुटुंबांचीही आहे. घरच्या सुनेचा किंवा मुलीचा व्यवसाय हा विरंगुळा नसून ती मालमत्ता आहे, हे ज्या दिवशी मान्य होईल, त्या दिवशी पतीचे नेमणूकपत्र हाती पडताच पहिली बैठक त्या व्यवसायाच्या भवितव्याविषयी होईल. व्यवसाय सोबत न्यायचा, येथेच चालू ठेवायचा की रीतसर बंद करायचा, हे निघण्यापूर्वी निदान तीन महिने ठरले पाहिजे. येथे चालू ठेवायचा असेल तर आणखी एक मार्ग आहे. ज्या स्त्रिया आजवर नगावर मजुरी घेत होत्या, त्यांनाच भागीदार करून घ्यावे. भागीदारीसाठी नवी नोंदणी आणि काही कागदपत्रे लागतील, पण त्या खटाटोपाच्या बदल्यात दुकान जिवंत राहील आणि त्याच्या मालकिणी वाढतील.

बिऱ्हाड हलवताना देवघरातील मूर्ती आधी जपून बांधण्याची रीत अजूनही अनेक घरांत आहे. जे मोलाचे आहे ते आधी, हाच त्या रीतीचा अर्थ. कष्टाने उभारलेली रोजीरोटीही त्याच मानाची मानकरी आहे. ती शेवटच्या पेटीत कशीबशी कोंबण्याची वस्तू नव्हे.