गेरू की चुना?

घर रंगवायचे ठरले की घरात वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, 'पांढरा रंग द्या.' दुसरा म्हणतो, 'नको, लाल द्या.' हा वाद आपण सूर्यमाळच्या डोंगरात नेऊन पाहू या.

सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातील गाव. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या परिसरात वारली लोकांची जुनी घरे कुडाची असतात. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमाती लिंपतात आणि वरून गेरूचा हात देतात. गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली तांबडी माती. घरात लग्न असले, की सुवासिनी त्या लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' काढतात. चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा ब्रश! ही कला कागदावर आणि कापडावर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली 'पद्मश्री' मिळाली. त्या चित्रांतली पांढरी रेघ एवढी उठून दिसते, ती मागच्या गडद रंगामुळेच.

आता सिमेंटची घरे आली. त्याबरोबर काहींना गेरू ही गरिबीची खूण वाटू लागली आणि पांढरी भिंत म्हणजे सुधारणा! मला हे मुळीच पटत नाही. भिंतीला काय सोसायचे आहे, ते आधी पाहावे.

डोंगरात पाऊस मुसळधार पडतो. पागोळ्या अंगणात आदळतात आणि चिखल भिंतीवर उडतो. पांढरी भिंत थोड्याच दिवसांत डागाळते, पुढे तिच्यावर शेवाळही चढते. गेरूवर चिखलाचे शिंतोडे दिसत नाहीत. मात्र गेरू पाण्याने धुऊन जातो. म्हणून वळचण लांब हवी आणि दरवर्षी नवा हात द्यायला हवा. एवढे कष्ट होणार असतील, तरच बाहेरून गेरू लावा.

घराच्या आत मात्र चुन्याला तोड नाही. खिडक्या लहान, त्यात पावसाळी अंधार. पांढरी भिंत दिव्याचा उजेड परत फेकते. अभ्यास करणाऱ्या मुलाला तो हवाच असतो. चुन्यात थोडा डिंक घातला, की तो कपड्यांना लागत नाही. चिमूटभर नीळ घातली, की पिवळेपणा जातो.

तुमचे घर मालेगावला किंवा जळगावला असेल, तर माझे मत बदलेल. तिथे खरा शत्रू ऊन आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधील छपरांना याच कारणासाठी पांढरा रंग देण्यात आला.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ईदच्या आधी घर रंगवतात. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे कधी ती ऐन पावसाळ्यात येते. तेव्हा ओल्या भिंतीवर चुना धरत नाही. अशा वर्षी आतल्या खोल्या तेवढ्या रंगवा आणि बाहेरची भिंत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहू द्या.