नोटांचा छापखाना आणि सरकारची उधारी

गेल्या वर्षीं सहलीस जातांना आमची आगगाडी नाशिकरोड स्टेशनांत थांबली, तेव्हां तेथील नोटांच्या छापखान्याची गोष्ट निघाली. नववींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, छापखाना सरकारचाच आहे, तर सरकार कर्ज कां काढतें?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण आपल्या सरकारनें अनेक वर्षें जवळजवळ तेंच केलें.

1955 पासून अशी वहिवाट होती कीं, रिझर्व्ह बँकेंतील मध्यवर्ती सरकारची शिल्लक 50 कोटी रुपयांच्या खालीं गेली म्हणजे तात्पुरत्या हुंड्या आपोआप निघावयाच्या, आणि बँकेनें त्यांवर नवा पैसा द्यावयाचा. हुंडीची मुदत 91 दिवसांची; पण जुनी फेडण्यास नवी निघे, आणि ही तात्पुरती सोय 42 वर्षें चालली! पैसा वाढला आणि धान्य, कापड मात्र त्या मानानें वाढलें नाहीं, म्हणजे भाव चढावयाचेच. या चढलेल्या भावास मी कर म्हणतों. तो कोणत्याहि कायदेमंडळानें मंजूर केलेला नसतो, आणि त्याची वसुली प्रथम मजुराकडून व पेन्शनरांकडून होते. ज्याच्या घरीं जमीन व सोनें आहे, त्याचें फारसें बिघडत नाहीं.

पुढें 1990-91 सालीं मध्यवर्ती सरकारची तूट देशाच्या उत्पन्नाच्या सुमारें 8 टक्क्यांपर्यंत गेली. देशांतील बचत पुरेना, म्हणून उणीव परदेशच्या कर्जानें भरूं लागली. ऑगस्ट 1990 मध्यें इराकनें कुवेत घेतलें, तेल महागलें, आणि पुढील वर्षीं परकीय चलन दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतेंच उरलें. जुलै 1991 मध्यें सुमारें 47 टन सोनें गहाण ठेवण्यासाठीं विमानानें इंग्लंडास गेलें. ज्या घरांत दागिना सावकाराकडे ठेवण्याची पाळी येऊन गेली आहे, तेथें याचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

तथापि, तूट म्हणजे पापच असें मानणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. धरणें, रेल्वे, शाळा यांसाठीं उत्पन्न वाढेपर्यंत थांबा असें गरीब देशास सांगणें म्हणजे, पीक आल्यावर विहीर खण, असें कोरडवाहू शेतकऱ्यास सांगणें होय. 2020-21 च्या महामारींत तूट 9 टक्क्यांवर गेली. त्या वर्षीं लोकांस फुकट धान्य द्यावें लागलें, आणि तें रास्तच होतें. माझें भांडण आहे तें महसुली तुटीशीं, म्हणजे पगार, व्याज, अनुदानें अशा रोजच्या खर्चासाठीं काढलेल्या कर्जाशीं. 2023-24 च्या अंदाजपत्रकांत खर्चाच्या दर रुपयांतील 20 पैसे व्याजाकडे गेले. त्या पैशांत किती शाळा उभ्या राहिल्या असत्या! शिवाय लोकांच्या बचतीचा मोठा वांटा सरकारच उचलूं लागलें, तर लहान कारखानदारास भांडवल महाग पडतें, आणि आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या नोकऱ्या त्याच्याच हातीं असतात.

त्या हुंड्या मार्च 1997 अखेर बंद झाल्या. 2003 च्या कायद्यानें, एप्रिल 2006 पासून, सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेण्यास रिझर्व्ह बँकेस मनाई झाली. संकटकाळाचा अपवाद तेवढा ठेवला आहे. पालकांस माझी विनंति आहे कीं, अंदाजपत्रक प्रसिद्ध होईल त्या दिवशीं प्राप्तीवरील कराचा आंकडा पाहण्यापूर्वीं महसुली तुटीचा आंकडा पाहावा.

गाडी मनमाडास पोहोंचतां पोहोंचतां त्या विद्यार्थ्यानें दुसरा प्रश्न काढला, "मग व्याज देण्यासाठीं सुद्धां कर्जच काढतात कां?" बऱ्याच अंशीं होय, असें मला कबूल करावें लागलें.