टेम्पो ज्याचा, दुरुस्ती कोणाच्या हाती?

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात उभे राहिले, तर पुरंदरकडून दिवे घाट उतरून आलेले लहान टेम्पो अंजीर-सीताफळांचे क्रेट उतरवताना दिसतात. कारखान्यातून निघताना या गाड्या एकाच साच्याच्या असतात. परंतु वर्ष-दोन वर्षे धंद्यात काढल्यावर त्यांपैकी कोणत्याही दोन गाड्या सारख्या राहिलेल्या नसतात. अंजीर दाबले गेले की भाव पडतो, म्हणून एकाने हौद्यात लोखंडी अँगलचे आडवे थर बसवून घेतलेले असतात. कोंबड्या वाहणाऱ्याने जाळीचा पिंजरा केलेला असतो, बेकरीवाल्याने पत्र्याची बंद पेटी, पाण्याचे जार पोचविणाऱ्याने कप्पे. कोणी फाळक्याला आधार देऊन त्याचाच दुकानाचा ओटा केलेला असतो. सकाळी भाजी आणि दुपारनंतर घरसामान वाहणाऱ्याची ताडपत्रीची कमान दहा मिनिटांत निघते व दहा मिनिटांत पुन्हा बसते.

शिकलेला वर्ग याला ‘जुगाड’ म्हणतो. पूर्वी तो हा शब्द हसून उच्चारी, अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात कौतुकाने उच्चारतो. दोन्ही वेळा मागचा विचार एकच असतो, की हे अडाण्याचे तात्पुरते काम आहे. वस्तुतः आपल्या धंद्याला नेमके काय हवे याचे ज्ञान टेम्पोवाल्याकडे असते, पत्रा कसा वाकतो आणि वजन कोठे पडते याचे ज्ञान वेल्डिंगवाल्याकडे असते, आणि या दोघांच्या संभाषणातून एक उत्पादनसाधन जन्माला येते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही भांडवलनिर्मिती होय. ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नीट उतरत नाही, एवढाच तिचा दोष.

पुण्याला तर या विषयाचा विशेष वारसा आहे. ‘टेम्पो’ हा शब्दच मुळी एका कंपनीचे नाव होता. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील विडाल कंपनीच्या टेम्पो कारखान्याशी करार करून तीनचाकी मालवाहू गाडी भारतात आणली. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला, मेटॅडोर आली, आणि शब्द मराठीत इतका रुजला की आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी ‘टेम्पो’च असते. मूळ कंपनीने मात्र २००५ साली आपल्या नावातून तो काढून टाकला आणि ती फोर्स मोटर्स झाली. त्याच वर्षी टाटा मोटर्सची ‘एस’ बाजारात आली. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे नामकरण केले. जिल्ह्यातच बारामतीला पियाजिओचा तीनचाकींचा कारखाना आहे. लहान मालगाडी बनविणाऱ्या कामगारांचे, चालविणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे असे एकत्र शहर देशात विरळाच.

पहिल्या छोट्या हत्तीचे इंजिन सातशे सीसीचे, दोन सिलिंडरांचे होते. इंडिकाच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे जवळपास अर्धेच म्हणा ना. इंडिका ज्याने उघडली होती, त्या मिस्त्रीला हे इंजिन परके वाटले नाही. नाना पेठेत सुटे भाग मिळत, जे मिळत नसे ते लेथवाला करून देई, आणि रात्री नऊला दारात ढकलत आणलेली गाडी पहाटे चारला यार्डाच्या रांगेत उभी राही. टेम्पोवाल्याच्या संसाराचा सारा हिशेब या सात तासांवर उभा असतो. गाडी कर्जाची, हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेचा. गाडी उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही, आणि दोन दिवस माल उचलला नाही तर व्यापारी तिसऱ्या दिवशी दुसरा टेम्पो पाहतो. म्हणून दुरुस्तीची खरी किंमत बिलावर कधीच दिसत नाही. ती खाड्यात असते. मोठ्या वाहतूक कंपनीच्या ताफ्यात एक गाडी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी निघते. ज्याच्याकडे एकच गाडी, त्याच्याकडे भांडवलही तेवढेच आणि रोजगारही तेवढाच. गाडी बंद म्हणजे दोन्ही बंद.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. निकष आवश्यक होते. स्वारगेटच्या चौकात दिवसभर धूर खाणारा हमाल, पथारीवाला आणि स्वतः टेम्पोवाला यांच्या फुप्फुसांचा विचार समाजवाद्यांनी करायचा नाही, तर कोणी करायचा? परंतु या निकषांबरोबर गाडीत जे आले त्याचा विचार कोणी केला नाही. इंधनाचे माप ठरविणे, धुराचे शुद्धीकरण, दोषाची नोंद, हे सारे एका इलेक्ट्रॉनिक पेटीकडे गेले. ती पेटी काय म्हणते हे वाचावयास स्कॅनर लागतो, आणि पूर्ण वाचता येईल असा स्कॅनर, त्याची आज्ञावली, दोषांच्या संकेतांची यादी ही कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात असते. बाजारात मिळणारी साधने काही दोष दाखवितात, काही दाखवीत नाहीत. एखादा सेन्सर बदलल्यावर पेटीला त्याची ओळख करून देण्याचे काम तर अनेकदा कंपनीच्याच यंत्रावर होते. नाना पेठेतील ज्या मिस्त्रीने चाळीस वर्षे आवाजावरून दोष ओळखला, त्याच्यापुढे लाल दिवा लागलेली गाडी उभी राहते आणि तो हात वर करतो. त्याचे कौशल्य संपलेले नाही. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये एक कुलूप आले आहे.

याविषयी सरकारी यंत्रणेने काहीच म्हटले नाही असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात एकट्या टाटा मोटर्सचा वाटा १,३४६ कोटींहून अधिक होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, दुरुस्तीची माहितीपत्रके व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे, बाहेर काम करून घेतल्यास हमी रद्द होण्याची अट घालणे, यांनी स्पर्धा मारली जाते असे आयोगाने स्वच्छ शब्दांत मांडले. मग अपिले झाली, आणि तीन कंपन्यांच्या बाबतीत अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये आयोगाचे मूळ म्हणणे मान्य करूनही दंड पुष्कळच खाली आणला. हे प्रकरण प्रवासी मोटारींचे होते. ज्याची रोजी गाडीवर आहे त्या टेम्पोवाल्याचा प्रश्न त्यात नव्हताच. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, वाहने हा तिच्या चार विषयांपैकी एक ठरविला, आणि २४ डिसेंबर २०२२ ला एक पोर्टल सुरू केले. पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने काय ठेवायचे ते ठेवायचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हाच प्रश्न २०१२ साली सार्वमतास टाकला गेला आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने स्वतंत्र गॅरेजांच्या बाजूने कौल दिला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे कायद्याने मिळते ते येथे कंपनीच्या मर्जीवर सोडले जावे, यातली विसंगती निराळी सांगावयास नको.

दुसरे कुलूप कायद्याचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये मूळ तरतूद अशी होती, की नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने मालकास गाडीत फेरफार करता येई. २००० सालच्या दुरुस्तीने कसोटीच बदलली: उत्पादकाने मुळात जे तपशील ठरविले त्यांच्याशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात, केरळातून आलेल्या प्रकरणात, या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२-अ नव्या रूपात आणले. परवानगीबाहेरचा भाग बसविणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद. उघडा हौदा म्हणून नोंदलेल्या गाडीवर बंद पेटी चढली, की गाडी आणि नोंदणी यांत तफावत पडलीच. ती रीतसर नोंदवून घेण्याचा मार्ग कागदावर आहे. पण त्यासाठी दिवस मोडून संगम पुलाजवळच्या आरटीओत खेटे घालावे लागतात, आणि मध्यस्थावाचून ते काम होते असे म्हणणारा टेम्पोवाला शोधून काढावा लागेल. म्हणून तो बदल करतो आणि चौकात भीत राहतो. ही भीती कोणाच्या उपयोगी पडते हे पुणेकरांस ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता बोलली पाहिजे. सगळेच फेरफार निर्दोष नसतात. जादा पाटे घालून पाऊण टनाच्या गाडीवर दीड टन लादणे हे दिवे घाटात किंवा कात्रजच्या उतारावर खून करण्याची तयारी ठेवण्यासारखे आहे. पाटे वजन पेलतात, ब्रेक मात्र तेच राहतात. धूरशुद्धीचे नळकांडे कापून साधा नळ जोडणारा मिस्त्री शेजाऱ्याच्या मुलाला दमा देतो. या कामांची पाठराखण चळवळीने करू नये. पण जादा माल लादावा लागतो तो भाडे फेरीवर ठरते आणि फेरीचा दर व्यापारी ठरवतो म्हणून. जादा वजनास वीस हजार रुपये दंड व प्रत्येक जादा टनास आणखी दोन हजार अशी तरतूद कायद्यात आहे. दर पाडून ते वजन लादावयास लावणाऱ्याच्या खिशाला मात्र सहसा झळ लागत नाही. अंजिराचे कप्पे आणि जादा पाटे यांना एकाच कलमाखाली आणणारा कायदा सुरक्षिततेचे रक्षण करतो, हे पटण्याजोगे नाही. तो फक्त उत्पादकाच्या नकाशाला पवित्र मानतो.

यंत्र कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न या देशात नवा नाही. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा सूत किती निघावे एवढीच अट नव्हती. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, चरखा वीस वर्षे चालला पाहिजे, आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये, असेही घातले होते. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही, पण दुरुस्तीचा खर्च हा यंत्राच्या रचनेचाच भाग आहे हे त्या अटींनी ओळखले होते. डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला. लहान मालगाडी हे त्या कल्पनेच्या जवळ जाणारे, बाजारानेच घडविलेले यंत्र आहे: थोड्या भांडवलाचे, एका कुटुंबाच्या हातचे. ते यंत्र लहान राहिले, त्याची किल्ली मात्र मोठ्या हाती गेली.

मागणी दुहेरी करावी लागेल. मालवाहू गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती, संकेतयादी व सुटे भाग स्वतंत्र गॅरेजला वाजवी दरात देणे कायद्याने बंधनकारक व्हावे. आणि परिवहन विभागाने कप्पे, जाळी, बंद पेटी, ताडपत्रीची कमान अशा निरुपद्रवी फेरफारांची यादी जाहीर करून, ते आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्या कारागिराने केले असल्यास एका साध्या अर्जावर नोंदवून घ्यावेत. ब्रेक, पाटे व धूर यांची तपासणी मात्र कडकच असावी.

सरकारची वाट न पाहता करता येईल असेही काही आहे. पुण्यात हमाल पंचायत १९५५ पासून उभी आहे; तिने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती कोणाच्या अनुदानाची वाट पाहून नव्हे. १९६९ चा माथाडी कायदा होण्याआधी हमालीला नियम लावणे अशक्य आहे असेच सांगितले जात होते. टेम्पोवाल्यांनी भागीने एक चांगला स्कॅनर घेऊन तो नाना पेठेतील किंवा हडपसरच्या ठरावीक मिस्त्रींकडे ठेवला, तर एकट्याला न झेपणारी किंमत वाटली जाते. परंतु मागणी नेण्यासाठी पुरावा हवा, आणि तो आज कोणाकडेच नाही. प्रत्येक टेम्पो तळावरील कार्यकर्त्याने एक साधी वही घालावी: गाडी कोणत्या दोषाने बंद पडली, दिवा कोणता लागला, किती दिवस उभी राहिली, सुटा भाग कोठे व किती रुपयांस मिळाला, त्या दिवसांत किती फेऱ्या बुडाल्या. सहा महिन्यांच्या नोंदी जमल्या, की त्या घेऊन परिवहन आयुक्तांकडे आणि स्पर्धा आयोगाकडे जाता येईल.