गाणं कधी सुरू होणार?

सकाळी साडेअकराच्या सुमाराला ऑफिसात एक फेरी मारा. निम्म्या लोकांच्या कानात काहीतरी खुपसलेलं दिसेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात पियानो वाजत असेल. 'कॉफी', 'फोकस', 'रेनी डे' असल्या नावांच्या प्लेलिस्ट. एक्सेल शीट भरताना मध्ये मध्ये न कडमडणारं, कॅफेत, लिफ्टमध्ये, हॉटेलच्या लॉबीत, अगदी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्येही खपून जाणारं म्युझिक. कोण वाजवतंय? काय वाजवतंय? कुणी विचारत नाही. विचारायचंच नसतं, असा एकूण समज.

आता गंमत बघा. हे जे 'बॅकग्राऊंड' म्हणून चाललंय ना, त्यातली कितीतरी चक्क गाणी आहेत. शब्द असलेली, एकेकाळी लोकांनी तिकीट काढून ऐकलेली. १९२० ते १९५० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची संगीत नाटकं आणि हॉलिवूडचे सिनेमे यांनी गाण्यांचा कारखानाच काढला होता. जॉर्ज गर्शविन, कोल पोर्टर, जेरोम कर्न, रिचर्ड रॉजर्स ही त्यातली बडी मंडळी. त्यांची गाणी जॅझवाल्यांनी उचलली आणि इतकी वाजवली, की त्यांना 'स्टँडर्ड' हे नावच पडलं. आपल्याकडे नाटक विस्मरणात गेलं तरी नाट्यपद मैफलीत राहतं, तसाच हा प्रकार. कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' ज्या नाटकातलं, ते १९३९ साली साठ प्रयोगही न करता बंद पडलं. गाणं मात्र आजही जगभरचे पियानिस्ट वाजवतात.

बंदिश बत्तीस बारची

ह्या गाण्यांचा सांगाडा अगदी सोपा असतो. बहुतेक गाणी ३२ बारची. आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा, मग वेगळा अंतरा, मग पुन्हा पहिली. दर बारला चार मात्रा धरल्या तर १२८ मात्रांचं एक आवर्तन झालं. ख्याल ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. बंदिश चार ओळींची, गाणं चाळीस मिनिटांचं! जॅझ पियानिस्ट सुरुवातीला मूळ चाल वाजवतो, मग चाल सोडून देतो, पण तिच्याखालची कॉर्डची साखळी सोडत नाही. त्या साखळीवर दर आवर्तनाला नवीन काहीतरी रचत जातो आणि शेवटी मूळ चालीवर परत येतो. म्हणजे समेवर येणं आलंच की, बॉस!

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. आपल्या कानाला सवय एका वेळी एका स्वराची, आणि आपल्या घरातलं वाद्य म्हणजे पेटी. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकलेला, म्हणून सगळा कारभार दुसऱ्या हाताकडे. पियानोवाल्याचे दोन्ही हात मोकळे. त्यामुळे एकटाच माणूस गायक, तबलजी आणि साथीदार असं सगळं होऊ शकतो. जुन्या 'स्ट्राइड' पद्धतीत डावा हात नुसता उड्या मारतो. खाली एक जाड स्वर, वर एक कॉर्ड, पुन्हा खाली, पुन्हा वर. उजवा हात तोवर चालीशी खेळत असतो. आर्ट टेटम हा जवळजवळ अंध असलेला पियानिस्ट ह्यातला बादशहा. 'टी फॉर टू' हे १९२४ चं साधं, गोड, चहा पिता पिता गुणगुणण्याजोगं गाणं. टेटमनं १९३३ साली त्याचं रेकॉर्डिंग केलं. ते ऐका आणि मग सांगा, हात दोनच होते ना?

एक पान, तीन झाडं

थिअरी पुरे. ह्या वीकएण्डला एक प्रयोग करून बघा. 'ऑटम लीव्हज' हे एकच गाणं घ्या. तसं हे मूळचं अमेरिकनही नाही. चाल हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्माची, शब्द फ्रेंच कवी जाक प्रेव्हेरचे. अमेरिकेच्या जॉनी मर्सरनं त्यावर इंग्रजी शब्द लिहिले आणि ते अमेरिकन क्लासिक होऊन बसलं. गाणीसुद्धा स्थलांतर करतात आणि नव्या गावची होतात.

आधी रॉजर विल्यम्स ऐका, १९५५ चा. हा जॅझवाला नव्हे, पॉप पियानिस्ट. पानं गळतायत म्हणून वरून खाली स्वरांच्या सरसर सरी. हे रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. छान आहे, पण खाली घर तेच आहे, वर फक्त लायटिंग केलंय.

मग त्याच वर्षीचा एरॉल गार्नर ऐका, 'कॉन्सर्ट बाय द सी' ह्या अल्बममधला. गार्नर नोटेशन वाचायला कधी शिकलाच नाही. त्याचा डावा हात गिटार खाजवल्यासारखा ठेक्यात चालतो आणि उजवा मुद्दाम किंचित मागे रेंगाळतो. त्या ओढाताणीतूनच झोका तयार होतो. आणि सुरुवातीला तो अशी काही प्रस्तावना वाजवतो, की कुठलं गाणं येतंय ह्याचा पत्ता लागू देत नाही.

शेवटी बिल इव्हान्स, १९५९ चा, 'पोर्ट्रेट इन जॅझ' मधला. इथे फण्डाच वेगळा. इव्हान्सचा डावा हात कॉर्ड वाजवतो, पण बऱ्याचदा कॉर्डचा पाया असलेला स्वरच गाळतो. समजा, तुम्ही गाताय आणि साथीदार 'सा' सोडून बाकी सगळं देतोय. का? कारण तो 'सा' बासवाल्याकडे सोपवलाय. तो बासवाला म्हणजे स्कॉट लाफारो. तोही नुसता पाया देत बसत नाही, उलट बोलतो, मध्येच प्रश्न विचारतो. पियानो, बास आणि पॉल मोशनचे ड्रम्स अशा तिघांच्या ह्या गप्पा जेमतेम दीड-दोन वर्षं चालल्या. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमध्ये त्यांचं गाजलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग झालं आणि त्यानंतर अकराव्या दिवशी लाफारो कार अपघातात गेला. वय २५. तुमच्या ऑफिसातल्या ट्रेनीपेक्षा फार मोठा नव्हे.

कळसाडीचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी हे आमचं गाव. मागच्या मे महिन्यात लग्नसराईसाठी गेले होते, तेव्हा दुपारी ओट्यावर बसून मी हाच गार्नर फोनवर लावला होता. आजी शेजारी खाटेवर. मिनिटभर तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माय, गानं कव्हय सुरू व्हई?"

मी म्हटलं, "आजी, सुरू झालंय."

"मंग लपी का बसनं?"

जॅझवर मी बरीच जाडजूड पुस्तकं चाळलीत, पण ह्याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. गाणं लपून बसतं. ते माहीत असलेल्याला त्याची चाहूल लागते, माहीत नसलेल्याला नुसती गंमत वाटते. लपवणाऱ्यानं किती लपवायचं आणि किती दाखवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ह्या ठरवण्यालाच अरेंजमेंट म्हणतात.

आजीला मी सांगितलं, "तुमच्या लग्नातल्या बॅण्डवाल्यासारखं आहे हे." ते तिला लगेच पटलं. खानदेशातला बॅण्ड ज्यांनी ऐकलाय त्यांनाही पटेल. सिनेमाचं गाणं स्टुडिओत चाळीस-पन्नास वाजंत्र्यांनी वाजवलेलं असतं. ते नवरदेवाच्या पुढे दहा-बारा माणसांनी, भर उन्हात, चालता चालता वाजवायचं, म्हणजे कुणीतरी बसून ठरवायला लागतं. लताबाईंची ओळ क्लॅरिनेटला द्यायची, व्हायोलिनचे तुकडे ट्रम्पेटला, आणि नाचणारी पोरं थांबली की मुखडा पुन्हा घ्यायचा. हे ठरवणाऱ्या मास्तरांना गाव ओळखतं. बॅण्डच्या गाडीवर मात्र बहुतेक वेळा मालकाचं नाव असतं.

ताजमधला टेडी

आता जरा मुंबईत येऊ. ज्या 'टी फॉर टू'वर टेटमनं हात साफ केला, तेच गाणं १९३७ साली पॅरिसमध्ये एकट्यानं पियानोवर रेकॉर्ड करणारा आणखी एक अमेरिकन होता, टेडी वेदरफर्ड. व्हर्जिनियात जन्मलेला हा कृष्णवर्णीय पियानिस्ट शिकागोत नाव कमावून १९२६ मध्ये आशियाकडे निघाला आणि इथलाच होऊन गेला. शांघाय, मग मुंबईचं ताजमहाल हॉटेल, मग कलकत्ता. त्याच्या मायदेशात कातडीच्या रंगावरून दारं बंद व्हायची. इथे तो बॅण्डचा म्होरक्या होता. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं तो गेला.

ताजसारख्या हॉटेलांत ह्या मंडळींचं वाजवणं ऐकत आणि त्यांच्यासोबत वाजवत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेली पोरं ती. त्यातला हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट, 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग'. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांच्या रात्री थंडावल्या आणि ही मंडळी पोटापाण्यासाठी सिनेमाच्या स्टुडिओकडे जास्त जास्त वळली. तिथे त्यांना भेटले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय शिकलेला हा मराठी माणूस आणि ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट यांनी मिळून काय केलं, ते १९५१ च्या 'अलबेला'त दिसतं. भगवानदादा नाचतायत आणि चिक आपल्या बॅण्डसकट पडद्यावरच हजर. अमेरिकन स्विंग, मराठी संगीतकार, गोवेकर ट्रम्पेट. फ्यूजन हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी!

पण चिक पडद्यावर दिसला, हे त्याचं नशीब. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्व्हिस ही नावं तुम्ही किती वेळा ऐकलीत? संगीतकार चाल द्यायचा. ती कुठल्या वाद्यानं कधी उचलायची, खाली कुठल्या कॉर्ड घालायच्या, दोन ओळींमधली ती जागा कशानं भरायची, हे सगळं कागदावर उतरवणारे हे लोक. तुम्ही-आम्ही अंताक्षरीत गाण्याआधी जे 'टॅंणटॅडॅंण' तोंडानं वाजवतो ना, ते पुष्कळदा ह्या अरेंजरचं असतं. रेकॉर्डच्या लेबलवर मात्र गायक, संगीतकार, गीतकार. गोन्साल्व्हिसांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल गुरूला विसरले नाहीत. तरीही बहुतेकांना ते नाव अमिताभचंच वाटतं.

अमेरिकेतही वेगळी कथा नाही. गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी मिळते. त्या गाण्याची कायापालट करणाऱ्या पियानिस्टला त्या कायापालटाची सहसा मिळत नाही. चालीवर मालकी सांगता येते, कॉर्डच्या साखळीवर सहसा येत नाही. म्हणून १९४० च्या दशकातल्या जॅझवाल्यांनी शक्कल लढवली. गर्शविनच्या १९३० च्या 'आय गॉट ऱ्हिदम'ची नुसती साखळी ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या नव्या चाली रचल्या. चाल नवी, म्हणून नाव आपलं. हक्काची भाडेपट्टी संपवून त्याच पायावर नवं घर बांधल्यासारखं.

मला हे जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. फ्रीलान्सिंगच्या दुसऱ्या वर्षी एका मासिकासाठी मी बाराशे शब्दांची मुलाखत तीनदा नव्यानं लिहून दिली होती. छापून आली ती 'प्रतिनिधी' ह्या नावानं. मुलाखत त्या पाहुण्याचीच होती, विचार त्याचेच होते, मान्य. पण कुठला प्रश्न आधी, कुठलं उत्तर कापायचं, शेवट कुठे करायचा, हे कुणी ठरवलं होतं? तुमच्यापैकी ज्यांनी रात्री दोनपर्यंत बसून बॉसचं प्रेझेंटेशन 'फक्त जरा नीट' केलंय, त्यांना मी काय म्हणतेय ते कळलं असेल. 'नीट करणं' हे कामच आहे, राजे हो. कधीकधी तेच मुख्य काम असतं.

म्हणून एवढीच विनंती. प्लेलिस्ट बंद करू नका, तुमची एक्सेल शीट सुखानं भरा. पण दिवसातून एकदा, एखादा तुकडा कानाला गोड लागला की फोन उचला आणि दोन नावं वाचा. एक गाणं लिहिणाऱ्याचं, दुसरं वाजवणाऱ्याचं. दुसऱ्या नावाच्या जागी काहीच ओळख पटण्यासारखं नसेल, तर त्याच गाण्याचा गार्नर शोधा, इव्हान्स शोधा, टेटम शोधा. एकाच गाण्याची तीन रूपं लागोपाठ ऐकलीत की चौथ्या वेळी तुमचा कान आपोआप विचारायला लागेल, 'ह्यानं काय लपवलंय?' आणि येत्या लग्नसराईत गावी गेलात, तर डीजे यायच्या आधी बॅण्डच्या मास्तरांना पाणी द्या आणि त्यांचं नाव विचारा. सांगताना ते किती खूश होतात, ते बघा.