देखण्या भाषेवरचा आरोप

रिचर्ड फ्लॅनॅगन यांच्या ‘गूल्ड्स बुक ऑफ फिश’ (2001) या कादंबरीवर आक्षेप असा, की कैद्यांच्या यातना इतक्या देखण्या भाषेत सांगितल्या की क्रौर्य बोथट होते. शिवाय इतिहासात कल्पनेची भेसळ होते. मला दोन्ही आक्षेप अमान्य आहेत.

कादंबरी जिथे घडते ते सारा बेट टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बरमध्ये आहे. वसाहतीत येऊन पुन्हा गुन्हा करणाऱ्यांना 1822 ते 1833 या काळात तिथे धाडत. ह्यूऑन पाइनचे ओंडके तोडायचे, ओढायचे, जहाजे बांधायची. चुकले की चाबूक. कादंबरीचा नायक विल्यम गूल्ड हा चित्रकार कैदी खरोखरच तिथे होता. त्याची माशांची जलरंगचित्रे होबार्टला आजही जपलेली आहेत आणि कादंबरीच्या बाराही प्रकरणांना माशांचीच नावे आहेत.

कादंबरीतल्या डॉक्टरला विज्ञानासाठी माशांची चित्रे हवी असतात. हाच डॉक्टर मूळ रहिवाशांच्या कवट्याही गोळा करतो. त्याच्या लेखी मासा काय नि माणूस काय, दोन्ही नमुनेच. गूल्ड मात्र मासा रंगवता रंगवता त्याला जीव लावतो आणि मग त्याला कवट्यांमागची माणसे दिसू लागतात. कादंबरीची भाषा देखणी आहे ती या जीव लावण्यामुळे. कोरडी भाषा अधिक प्रामाणिक, असे म्हणणाऱ्यांनी तुरुंगाची नोंदवही आठवावी. तिच्यात नाव, गुन्हा, फटक्यांचा आकडा एवढेच असते. तिथे सौंदर्याचा लवलेश नाही, आणि सोललेल्या पाठीचाही नाही.

राहिली भेसळ. कादंबरीतला कारकून योर्गेनसन बेटाची दप्तरेच खोटी लिहितो. शिस्तीची, भरभराटीची वसाहत कागदावर उभी करतो. (या पात्रामागचा खरा योर्गेनसन 1809 साली काही आठवडे आइसलँडचा सत्ताधीश होऊन बसला होता, पुढे कैदी म्हणून टास्मानियात आला.) दप्तर लिहिणारा चाबूक मारणाऱ्यांच्या पगारावर असेल, तर कादंबरीकाराने त्या दप्तराशी एकनिष्ठ का राहावे? बेटाच्या कमांडंटच्या भव्य स्वप्नांची प्रकरणे लांबली आहेत, हे मी मान्य करतो. पण तो रचनेतला दोष झाला, इतिहासाशी बेइमानी नव्हे.

आपण मराठी वाचक काळ्या पाण्याकडे अंदमानातल्या राजबंद्यांच्या आठवणींतून पाहतो. तिथल्या यातनेला ध्येयाचे तेज आहे. गूल्डजवळ ध्येय नाही. तो चोर आहे, दारुडा आहे, थापाड्या आहे. त्याच्याही पाठीवरचे वळ तेवढ्याच आस्थेने पाहा, असे फ्लॅनॅगन प्रत्येक पानावर मागतात, आणि मला ते मागणे रास्त वाटते.