शिट्टी कोणाच्या हाती?

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की इकडे शालेय कबड्डी, खो-खोच्या तालुका स्पर्धा सुरू होतात. ताडकळस, पूर्णा भागातली पोरं-पोरी टेम्पोत बसून मैदानावर जातात. सामना हरला की परतीच्या वाटेवर एकच वाक्य कानी पडतं, "पंच त्यांचाच होता." हे दर वेळी खरं असतं असं नाही. पण असं बोलायला जागा का राहते, हा खरा प्रश्न आहे.

वाचकहो, कबड्डीच्या एका सामन्याला सहा अधिकारी लागतात. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि तालुक्याचा बहुतेक भार क्रीडा शिक्षकांवर असतो. वरच्या पातळीवर संघटनेची पंच परीक्षा पास झालेली माणसं मिळतात. तालुक्याला मात्र जे शिक्षक आपापला संघ घेऊन आलेले असतात, त्यांच्याच गळ्यात बऱ्याचदा शिट्टी पडते. दोष त्यांचा नाही. माणसंच कमी. दिवसभर उन्हात उभं राहायचं, मानधन बेताचं, अन् वर बोलणी खायची.

पण गोष्ट लहान नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. वर पोचलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. बोनस रेषा ओलांडली की नाही, एवढ्या एका निर्णयावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरीची वाट पहिल्याच पायरीला अडू शकते. तालुक्याच्या मैदानावर कॅमेराही नसतो.

आमच्या खात्यात पीक कापणी प्रयोग असतो. कापणी कोणत्या शेतात करायची हे ना शेतकरी ठरवतो, ना विमा कंपनी, ना आम्ही. आकड्यांच्या तक्त्यावरून गट क्रमांक निघतो. कापणी सगळ्यांसमोर होते आणि वजनही तिथंच होतं. उताऱ्यावरून वाद होतात, पण अमक्याचंच शेत का घेतलं, असं म्हणायला जागा राहत नाही.

हाच शिरस्ता मैदानावर आणायला काय हरकत आहे? स्पर्धेआधी तालुक्यातल्या पंचांची यादी शाळांच्या फलकावर लावावी. कोणत्या सामन्याला कोण, याची चिठ्ठी दोन्ही संघनायकांसमोर काढावी. ज्याच्या शाळेचा संघ मैदानात आहे, त्याचं नाव त्या चिठ्ठ्यांत टाकूच नये. पूर्णेचे पंच पालमला, पालमचे पूर्णेला, अशी अदलाबदलही करता येईल. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी हातात पडावं.

माणसं कुठून आणायची, असं कोणी विचारील. गावोगाव जुने कबड्डीपटू आहेत. शाळा-कॉलेजात खो-खो गाजवून आता घरी बसलेल्या लेकी-सुना आहेत. त्यांच्यासाठी तालुक्यालाच दोन दिवसांचं शिबिर घ्यावं आणि पंच परीक्षेला बसवावं. मुलींच्या सामन्याला बाई पंच दिसली तर पालकही पोरींना निर्धास्त पाठवतील.

हार पचवायला पोरं तयार असतात. फक्त ती आपल्या खेळानं झाली, एवढी त्यांची खात्री पटली पाहिजे. ती खात्री देणं मोठ्यांचं काम आहे, आणि त्याला खर्च म्हणाल तर चिठ्ठ्यांपुरता कागद.