सांभाळून चालवणाऱ्याचा बोनस जातो कुठे?

आपल्या पत्रिकेत शाळा, पाणी, पहाणी, रस्ते यांवर नेहमी लिहून येते. मोटारीच्या विम्यावर क्वचितच. वास्तविक आज भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत गावोगाव चारचाकी उभी दिसते, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या उदगीर, लातूर, सोलापूर, नाहीतर थेट पुण्याच्या बाजारातून जुन्या म्हणून आणलेल्या असतात. विम्याची मुदत संपत आली की एजंट म्हणतो, "काका, तुम्हाला पन्नास टक्के सूट काढून दिली बघा." काका खूश होतात, सही करतात आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात. ही सूट एजंटने दिलेली नसते. ती कोणाची, कशावर आणि कशाने जाते, हे समजून घेतले नाही तर तीच सूट पुढे गळ्यातला फास ठरू शकते. म्हणून हा लेख.

प्रथम थोडा हिशेब. मोटार विम्याचे दोन भाग असतात. एक तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे. या भागावर बोनस नाही, एक पैसाही नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. बोनस मिळतो तो फक्त या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर. तेव्हा "पन्नास टक्के सूट" म्हणजे एकूण रक्कम निम्मी, असा समज असेल तर तो काढून टाकावा.

पायऱ्या अशा : एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षे २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे ५० टक्के. त्यापुढे वाढ नाही. १ जुलै २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये या पायऱ्या घालून दिल्या. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या झाल्या, तरी पायऱ्या त्याच राहिल्या. हे गणित फक्त मोटारीचे नाही. मोटारसायकलला, मालवाहू टेम्पोला, ट्रॅक्टरलाही ते लागू आहे. पण एका वर्गाच्या वाहनाचा बोनस दुसऱ्या वर्गाला चालत नाही. ट्रॅक्टरवर कमावलेला बोनस नव्या कारला लावून देतो असे कोणी म्हणाला तर त्याच्या दुकानातून उठावे.

आता ही पायरी चढायला पाच वर्षे लागतात आणि उतरायला एक दावा. एकच! मग तो दोन हजारांचा असो की दोन लाखांचा. समजा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता दरवर्षी १०,००० रुपये आहे (खरे तर गाडीची किंमत उतरते तसा तोही थोडा उतरतो, पण हिशेबाला सोपे म्हणून धरू). पन्नास टक्क्यांवर पोहोचलेला माणूस पुढची पाच वर्षे ५,००० प्रमाणे २५,००० भरील. त्याने एक दावा केला, तर पुढच्या वर्षी पूर्ण १०,०००, मग ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५००. बेरीज ३७,५००. म्हणजे एका दाव्याची किंमत साडेबारा हजार, आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तर पावणेपंधरा हजारांच्या घरात.

याच्यासमोर ठेवा बंपर फुटल्याचा दावा. बंपर सहा हजारांचा. प्लॅस्टिकच्या भागावर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, राहिले तीन हजार. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजाराची सक्तीची वजावट, राहिले दोन. दोन हजार रुपये हातात घ्यायचे आणि साडेबारा हजार घालवायचे! शोरूमवाला म्हणतो, "इन्शुरन्समध्ये करून टाकू ना," कारण त्याचे बिल होते. आपण त्याला विचारावे, माझा बोनस किती आहे आणि तो गेल्यावर मला काय पडेल? डेंटिंग-पेंटिंगची किरकोळ कामे गॅरेजमध्ये रोख करावीत आणि विमा चोरी, उलटलेली गाडी, पुरात बुडालेली गाडी अशा मोठ्या आघातासाठी राखावा, हेच बहुतेक वेळा परवडते.

इथपर्यंतची गोष्ट पुण्याच्या माणसालाही लागू आहे. आपली, सीमेवरची गोष्ट पुढे सुरू होते.

आपल्याकडे गाडी मामाच्या नावावर उदगीरला पासिंग करण्याची एक पद्धत पडली आहे. कारण उघड आहे. पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात आजीवन कर १४ टक्के आणि वर उपकर. महाराष्ट्रात ११ टक्के. पाऊण लाखाच्या जागी एक लाखाचा आकडा दिसला की मन एम.एच. पाटीकडे वळते. बाजारहाट, लग्नकार्य, दवाखाना सगळे लातूर-सोलापूरकडेच, तर पाटी तिकडची का नसावी, असाही विचार असतो. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथे करून घ्यावी लागते, हे कलम ४७ आहेच. ते बाजूला ठेवले, तरी विम्याचे काय होते ते पाहा.

बोनस गाडीचा नसतो. चालवणाऱ्याचाही नसतो. तो पॉलिसीवर ज्याचे नाव आहे त्याचा असतो. पाच वर्षे भालकी-बिदर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चुकवत, खड्डे वाचवत गाडी चालवली तुम्ही. एक दावा केला नाही तुम्ही. आणि पन्नास टक्के जमा झाले मामांच्या नावावर. उद्या तुम्ही स्वतःच्या नावावर नवी गाडी घ्याल तेव्हा सुरुवात शून्यापासून. मामांनी कितीही मनापासून म्हटले तरी त्यांना तो भाच्याला देता येत नाही. नियमाने वारसाहक्काने बोनस जातो तो विमाधारकाच्या मृत्यूनंतर, गाडी त्याच्या पती-पत्नीकडे, मुलांकडे किंवा आई-वडिलांकडे गेली तरच. भाचा त्या यादीत नाही. वडिलांच्या नावावर गाडी असेल आणि ते गेले असतील, तर मात्र हा हक्क मागून घ्या; पुष्कळ कुटुंबे दुःखात तो सोडून देतात आणि कंपनी आठवण करून देईलच याचा भरवसा नाही.

जुन्या गाडीचा प्रकार याहून बिकट. विकणारा पॉलिसी हातात देतो, तीवर ५० टक्के बोनस लिहिलेला. घेणाऱ्याला वाटते, सूट गाडीबरोबर आली. तसे नाही. पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीपुरती ती सूट घेणाऱ्याने परत भरायची असते. विकणारा आपल्या कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेतो आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीवर, हव्या त्या कंपनीत, वापरतो. गाडी विकणाऱ्या आपल्या लोकांनी हे प्रमाणपत्र जरूर घ्यावे. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करावी. तृतीय पक्षाचा भाग कलम १५७ प्रमाणे आपोआप बदली झाल्याचे मानतात, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा बदली होत नाही. इथे सीमाभागातल्या माणसाची कोंडी होते : सोलापूरच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. यायची, मग इकडे कर भरायचा, मग इकडचा नंबर. हे होईपर्यंत महिने जातात आणि तोवर पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावाने नूतन करून घेतली जाते. बोनसही "वाचतो"! अपघात झाल्यावर सर्व्हेअर विचारतो, गाडी कोणाची? त्या प्रश्नाला उत्तर नसते.

आणि जुन्या मालकाने मागच्याच वर्षी दावा केलेला असला तर? अर्जात "मागील वर्षी दावा नाही" या ओळीपुढे खूण एजंटने केलेली असते, सही आपली असते. त्या घोषणेखाली एक वाक्य असते : माहिती खोटी निघाल्यास स्वतःच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त. तीन हजारांच्या सुटीपायी तीन लाखांचा दावा नाकारला जाऊ शकतो. ग्राहक आयोगांचे निकाल यावर दोन्ही बाजूंचे आहेत. कुठे कंपनीचा नकार योग्य ठरला, कुठे काही रक्कम कापून बाकी द्यायला लावली.

माझे मत असे, की यात कंपन्यांना फार सोपे सोडले आहे. २००२ च्या टॅरिफमध्येच लिहिले होते, की घोषणेवर बोनस दिला तर नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून खात्री करावी आणि जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यावे. हप्ता घेताना चौकशी करायची नाही, आणि दावा आला की दोन दिवसांत जुनी नोंद शोधून काढायची, हा कोणता न्याय? २००२ साली पोस्टाने पत्र पाठवावे लागे. आज हैदराबादला विमा नियामक प्राधिकरण आहे, २००९ साली त्यानेच सुरू केलेला भारतीय विमा माहिती ब्युरो आहे, आर.सी. मोबाईलवर दिसते. पैसे घेण्याआधी खात्री करून घेणे ही कंपनीची जबाबदारी असली पाहिजे आणि पॉलिसी दिल्यावर ठराविक दिवसांनी बोनसचा मुद्दा काढायला तिला बंदी असली पाहिजे. जाणूनबुजून खोटे लिहिणाऱ्याची बाजू मी घेत नाही. त्याच्याकडून सूट दंडासह वसूल करा. पण गाडीची पूर्ण भरपाई बुडवणे ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी आहे.

दुसरा अन्याय शून्याचा. तुमची गाडी घरासमोर उभी आहे आणि रात्री ट्रॉलीवाला घासून निघून गेला. चूक तुमची नाही, पण दावा केला की बोनस गेला. फ्रान्समध्ये गुणकाची पद्धत आहे. अपघाताविना प्रत्येक वर्षी तो ५ टक्क्यांनी उतरतो, निम्म्याच्या खाली जात नाही; चूक स्वतःची असेल तरच २५ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्याची असेल तर हलत नाही. ब्रिटनमध्ये पाच वर्षांची सूट असलेला माणूस एका दाव्याने साधारण तीन वर्षांच्या पायरीवर येतो, रस्त्यावर नाही. आपल्याकडे बोनस राखण्याचे जादा कलम पैसे देऊन घेता येते. म्हणजे सांभाळून चालवल्याचे बक्षीस सांभाळायलाही हप्ता!

तुरीचे पैसे हातात आल्यावर विमा भरू, असे म्हणणारेही आपल्यात बरेच आहेत. पॉलिसी सप्टेंबरात संपते, तूर बाजारात येते डिसेंबर-जानेवारीत. मुदत संपल्यापासून ९० दिवस उलटले की बोनस शून्य. मधल्या काळात गाडी रस्त्यावर काढणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळचा दंड दोन हजार, हे वेगळेच. मूग-उडदाच्या पैशात विमा बसवा, पण ९० दिवस जाऊ देऊ नका.

आता भाषेचे. अर्ज इंग्रजीत, अटी इंग्रजीत, सही मात्र आपली. प्राधिकरणाच्या २००२ च्या विमाधारक संरक्षण नियमांतच असे होते, की विम्याचे अर्ज व कागद परिस्थितीनुसार राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत देता येतील. "देता येतील" होते, "द्यावेत" नव्हते. तिथेच सगळे अडले. मराठी ही घटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, कन्नडही आहे. आमच्या शेजारच्या कन्नडभाषक शेतकऱ्यालाही तो इंग्रजी अर्ज तितकाच परका आहे, तेव्हा ही मागणी दोघांनी मिळून करायला हरकत नसावी. तोपर्यंत निदान एवढे करावे : अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर मजकूर समजावून सांगितल्याचा दाखला त्यावर असतो, त्याखाली समजल्याशिवाय सही करू नये.

दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे प्रकरण चालते. कर्नाटकासाठी त्यांचे कार्यालय बेंगळूरुला आहे. परंतु तक्रारदाराचे राहण्याचे ठिकाण किंवा कंपनीची शाखा, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या लोकपालांकडे अर्ज करता येतो. पॉलिसी लातूरच्या शाखेची आणि घर भालकीत असेल, तर पुण्याच्या कार्यालयाचे दारही उघडे आहे. पॉलिसीची प्रत, मागील वर्षाची पॉलिसी, आर.सी. आणि कंपनीचे नकाराचे पत्र एवढे सोबत जोडावे.